मुलांना घेऊन गुहेत उत्खनन करायचंय? मग चाळणीपाशी जागा धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, आम्ही दिवाळीत दापोलीजवळ गावी जातोय. मी, मिस्टर, मुलगा १३ चा, मुलगी ८ ची आणि सासूबाई. दीर मागे इस्रायलला गेले होते, तिथे बेत गुव्रीनला जुन्या गुहांमध्ये त्यांच्या मुलांनी एक दिवस खरंखुरं उत्खनन केलं, खापरं काढली, अजून तेच सांगत असतात. कोकणात तर इतक्या लेण्या आणि गुहा आहेत, इथे फॅमिलीने व्हॉलंटियर करता येईल का? कुठे, कधी, किती पैसे?"

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी वाईट बातमी. पैसे भरले आणि एक दिवस खोदायला मिळालं अशी सोय आपल्याकडे नाही. कुणी "कोकण हेरिटेज डिग, फॅमिली पॅकेज" वगैरे विकत असेल तर एक रुपया देऊ नका. भारतात उत्खनन करायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची म्हणजे एएसआयची परवानगी लागते, त्यासाठी १९५८ चा कायदा आहे, राज्याच्या पुरातत्त्व खात्याला सुद्धा केंद्राची मान्यता घेतल्याशिवाय कुदळ मारता येत नाही. ज्याच्या नावावर परवानगी असते त्याला नंतर रिपोर्ट लिहायचा असतो, सापडलेल्या वस्तूंचा हिशोब द्यायचा असतो, त्यामुळे खड्ड्यात कोण उतरतंय यावर त्याचा बारीक डोळा असतो. मी गेली बावीस-तेवीस वर्षं हे काम करतेय आणि माझ्या स्वतःच्या भाच्याला मी पहिल्या दिवशी ट्रेंचमध्ये उतरू दिलं नव्हतं, घरी त्यावरून अजून टोमणे ऐकते.

मग इस्रायलला कसं काय चालतं? हे समजून घेण्यासारखं आहे, कारण उत्तर मातीत आहे. बेत गुव्रीन-मारेशा इथे लोकांनी खडूसारख्या मऊ चुनखडीत आपल्या घरांच्या खाली खोल्या कोरल्या होत्या, कुठे कबुतरं पाळायला, कुठे ऑलिव्हचं तेल गाळायला, कुठे पाणी साठवायला. अशा साडेतीन हजारांच्या आसपास भूमिगत खोल्या आहेत, २०१४ साली ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या शेवटी तिथली वस्ती उठली आणि खोल्यांमध्ये माती, दगड, फुटकी भांडी असा भराव पडला. तुमच्या दिरांच्या मुलांनी उकरला तो हा भराव. भराव म्हणजे पोत्यातून ओतलेला कचरा समजा, त्यात वरचं खाली नि खालचं वर आधीच झालेलं असतं, आतली वस्तू महत्त्वाची असते पण ती नेमकी किती सेंटिमीटरवर होती याला फार अर्थ उरत नाही. शिवाय अशा खोल्या ढिगाने. म्हणून आठ वर्षांच्या पोरीने खुरपी जरा जोरात घातली तरी फारसं बिघडत नाही, आणि लोकांच्या फीमधून पुढचं काम चालतं. चांगली योजना आहे, मला तिचा हेवाच वाटतो.

कोकणातली नैसर्गिक गुहा याच्या बरोबर उलट. वाऱ्याने आलेली धूळ, पावसाने आत आलेला गाळ, छतातून पडलेले दगड, वटवाघळांची विष्ठा, मधूनच कुणीतरी पेटवलेल्या चुलीची राख, असं सगळं पापुद्र्या-पापुद्र्याने साठत जातं आणि कधी कधी बोटभर जाडीत शेकडो वर्षं बसलेली असतात. त्यात साळिंदराने बीळ केलेलं असलं की आधीच घोळ, त्यावर आपण घोळ घातला तर संपलंच. कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेत राज्याच्या पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, तिथे दगडी हत्यारं मिळाली. गुहागरकडे सुसरोंडीच्या गुहेत डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी काम केलं, त्यावरचा त्यांचा निबंध २००६ सालचा. बाकी आपल्या किनाऱ्यावर नीट खोदलेल्या नैसर्गिक गुहा बोटावर मोजण्याइतक्या आहेत. म्हणजे एकेक गुहा ही एकेकच प्रत असलेली वही आहे, आणि उत्खनन म्हणजे ती वही वाचता वाचता पानं फाडत जाणं. पुन्हा वाचायला मिळत नाही. हे मी पोस्टरवरचं वाक्य म्हणून सांगत नाहीये, माझ्या हातून झालंय म्हणून सांगतेय. शिकत असताना दुसऱ्याच हंगामात मी ट्रेंचच्या उभ्या भिंतीतून अर्धं डोकावणारं एक सुंदर काळं खापर मोह न आवरून ओढून काढलं. त्याबरोबर वरची ओंजळभर माती ढासळली, आणि ते खापर वरच्या थरातलं की खालच्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. सरांनी आरडाओरड केली नाही, फक्त रजिस्टरमध्ये त्या खापरापुढे "थर अनिश्चित" असं माझ्याच हाताने लिहायला लावलं. ते जास्त लागलं.

आता एक मधलंच. तुम्ही "लेण्या आणि गुहा" असं लिहिलंय. एक लेणं, अनेक लेणी. आणि हा शब्द दोन हजार वर्षं जुना आहे बरं का, आपल्याकडच्या ब्राह्मी शिलालेखांत "लेण" असंच लिहिलेलं असतं आणि पाण्याच्या टाक्याला "पोढी". लेणं माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेलं, गुहा निसर्गाची. हा फरक तुमच्या ट्रिपसाठी महत्त्वाचा, कारण लेण्यात बहुतेक वेळा उत्खनन म्हणजे आत भरलेला गाळ काळजीपूर्वक काढणं असतं आणि गुहेत ते वर सांगितलं तसं पापुद्रे सोडवणं असतं. तुमच्या गावापासून फार लांब नसलेली पन्हाळेकाजीची लेणी बघा. कोटजाई नदीच्या काठाला २९ लेणी आहेत, आणि त्यातली बरीचशी गाळाने भरलेली होती. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एम. एन. देशपांडे यांच्या देखरेखीखाली ती साफ झाली, त्यांनी त्यावर एएसआयसाठी अख्खा ग्रंथ लिहिला. शिलाहार राजघराण्याचा ११३९ सालचा ताम्रपट मिळाला आणि त्यातलं प्रणालक म्हणजे हेच पन्हाळे असं जुळलं.

बरं, मग फॅमिलीने करायचं काय? करण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते खड्ड्यात नाही, खड्ड्याच्या काठावर आहे.

हिशोब मांडून बघा. गुहेत आम्ही एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखतो आणि एका वेळी पाच सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे पन्नास लिटर माती, चार-पाच घमेली फक्त. हे काम दोन जाणती माणसं खुरपी, बांबूच्या काड्या आणि ब्रश घेऊन करतात आणि त्यात अख्खा दिवस जाऊ शकतो. पण त्या चार-पाच घमेल्यांतली माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची, चाळणीवर राहिलेला प्रत्येक खडा बोटांनी उलटापालटा करून बघायचा, वेगळं वाटेल ते पिशवीत, पिशवीवर चौकोनाचा नंबर, खोली, तारीख. मग खापरं धुवायची, सावलीत वाळवायची, प्रत्येकावर शाईने बारीक अक्षरात नंबर घालायचा. थोडी माती बादलीत पाण्यात सोडून ढवळायची, जळलेलं धान्य आणि कोळसा वर तरंगतो तो फडक्यावर गाळून घ्यायचा. एका खोदणाऱ्यामागे चार माणसं या कामाला लागतात आणि ती कधीच पुरत नाहीत. इथे आम्हाला हात हवे असतात.

आणि खरं सांगू का, सापडण्याचा आनंद चाळणीपाशीच असतो. खड्ड्यातला माणूस माती काढतो, त्याला दिसतात मोठ्या वस्तू. कोकणातल्या गुहांत मोठ्या वस्तू असतातच कुठे. जांभ्याची म्हणजे कोकणातल्या लाल दगडाची माती आंबट, हाडं विरघळवून टाकते, त्यामुळे हजारो वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांच्या काळातली हाडं, शिंगं, शिंपले यातलं फार काही हाताला लागत नाही, उरतात ती दगडाची हत्यारं, आणि ती सुद्धा बरीचशी नखाएवढी. काठीच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवायची पाती असायची ती, एकेक दोन-तीन सेंटिमीटरचं. एका हंगामात आमच्यातल्या एकाचा नऊ वर्षांचा पुतण्या साईटवर आला होता, दहा वाजेपर्यंत कंटाळून "मोबाईल द्या" सुरू झालं, म्हणून गावातल्या कामावरच्या आजींनी त्याला आपल्या शेजारी चाळणीवर बसवलं. दुपारी जेवायच्या आधी तो एक गारगोटीचा तुकडा घेऊन माझ्याकडे आला नि म्हणाला, याला धार आहे, बाकीच्यांना नाही. मी भिंगाखाली धरला, कडेने ओळीने बारीक टवके काढलेले. पातंच होतं. सकाळपासून मी त्याच ढिगाशेजारून चार वेळा गेले होते. मुलांचे डोळे आणि त्यांची जमिनीपासूनची उंची, दोन्ही या कामाला सोयीची.

मुलांना तयारी करून न्यायची असेल तर एवढं शिकवा: माणसाने फोडलेल्या दगडावर जिथे घाव बसला तिथे छोटासा फुगवटा येतो आणि तिथून पाण्यातल्या तरंगांसारख्या रेषा निघतात. अकीक, चर्ट असल्या गुळगुळीत दगडावर हे छान दिसतं, गारगोटीवर मात्र भल्याभल्यांची फसगत होते, तिथे धार आणि काठावरचे टवके बघायचे.

आता वेळ. दिवाळीत तुम्हाला चालू साईट मिळणं जवळजवळ अशक्य. कोकणात पावसानंतर माती सुकायला वेळ लागतो, आमचे तंबू लागतात ते दिवाळीनंतरच, आणि पावसाळ्याआधी सगळं झाकून, बुजवून निघायचं असतं, नाहीतर पहिल्याच सरीत भिंती बसतात. त्यामुळे दिवाळीची ट्रिप तयारीची ठेवा आणि जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा वीकेंड साईटसाठी राखा. पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, राज्याचं पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय, यांना आत्ताच मेल टाका. मेलमध्ये "उत्खनन करायचंय" असं लिहू नका, ते वाचून कुणीही दचकतं. लिहा की यंदा कोकणात काम असेल तर एक दिवस चाळणी-धुलाईला मदत करू, मुलांची वयं अमुक, येण्याजाण्याचं-राहण्याचं आमचं आम्ही बघू. नाही म्हणतील, दोनदा म्हणतील, तिसऱ्यांदा विचारा. मी स्वतः दहा वर्षांखालच्या मुलांना गुहेच्या आत घेत नाही, बाहेरच्या मांडवात खापरं धुवायला घेते, आणि त्यांना तेच जास्त आवडतं कारण पाण्यात खेळायला मिळतं.

दिवाळीत गावी काय करायचं ते सांगते, हे मी शाळांच्या मुलांबरोबर करत आलेय आणि फसलेलं आठवत नाही. परसात जुना प्लास्टिकचा टब किंवा आंब्याची पेटी घ्या. तळाला जांभ्याची लाल माती, त्यात फुटक्या माठाची खापरं. त्यावर पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठची, वाळू चार बोटं, त्यात दोन शिंपले आणि एक जुनं नाणं. त्यावर चुलीतली राख आणि कोळसा, त्यात माशाचे काटे. सगळ्यात वर पुन्हा माती आणि गोळीचा कागद. हे मुलगा आणि बाबांनी भरायचं, मुलगी आणि तुम्ही उकरायचं, मग अदलाबदल. नियम तीनच: एका वेळी दोन बोटं खोली, वस्तू दिसली की उचलायची नाही, आधी वहीत तिची जागा काढायची, आणि प्रत्येक थराची माती वेगळ्या पाटीत. शेवटी उकरणाऱ्यांनी सांगायचं की इथे आधी काय झालं नि मग काय झालं. मुलांना अर्ध्या तासात कळतं की नाण्यावरचं साल वाचण्याआधी ते राखेच्या वर होतं की खाली हे बघायचं असतं. आणि एखाद्याने दोन थर मिसळून टाकले की जी भांडणं होतात ना, ती हुबेहूब आमच्या कॅम्पवरच्यासारखी.

त्याच ट्रिपमध्ये पन्हाळेकाजीला एक अख्खा दिवस द्या, सेल्फीचा अर्धा तास नको. भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव बघायला लावा, उजव्या हाताने काम करणाऱ्याचे घाव कुठे झुकतात ते मुलांना हात फिरवल्यासारखं करून शोधू द्या, हवेतच, भिंतीला हात न लावता. दारापाशी चौकटीच्या खाचा, पाण्याची टाकी, ओट्यांच्या कडा. एकाच डोंगरात आधी बौद्ध भिक्षू, मग बौद्धांमधल्याच वज्रयान पंथाचे लोक, मग शैव आणि नाथ जोगी येऊन राहिले, एकाने कोरलेलं दुसऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे बदललं. कुठे काय बदललंय हे शोधणं म्हणजेच थर वाचणं, फक्त आडव्याऐवजी उभ्या भिंतीवर. गावात विचाराल तर सांगतील पांडवांनी एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली. हसू नका, मुलांना ती गोष्ट पण ऐकू द्या. येता-जाता रायगड जिल्ह्यात कुड्याची लेणी वाकडी वाट करून बघता आली तर बघाच, २६ आहेत, मांदाडच्या खाडीजवळ. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये एक माळी आहे, एक वैद्य आहे, व्यापारी आहेत. राजांची नावं पाठ करून वैतागलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला माळ्याने लेण्याला पैसे दिले हे ऐकून जरा बरं वाटतं.

कातळशिल्पांबद्दल, म्हणजे उघड्या खडकावर कोरलेल्या जुन्या चित्रांबद्दल, विचारलं नाहीत, पण फॅमिली-व्हॉलंटियरिंगसाठी कोकणात खरी जागा तीच आहे असं माझं मत. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर म्हणजे जांभ्याच्या पठारांवर हजाराहून जास्त आकृत्या आज माहीत आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा उजेडात आणल्या त्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या हौशी माणसांनी, रिसबूड तर पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. गावोगाव जाऊन गुराख्यांना विचारत, सडे पायाखाली घालून. २०२२ मध्ये कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे वगैरे ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी. इथे खोदायला काही नाही, गवत-माती बाजूला करणं, मोजणं, फोटो, आणि गावकऱ्यांबरोबर राखण, हे लहानथोर सगळ्यांना जमतं. पण दिवाळीत सड्यावर गवत कमरेएवढं असतं आणि त्यात फुरसं, विषारी साप. डिसेंबरनंतर जा, बूट घालून.

तब्येतीचं थोडक्यात. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून फुफ्फुसाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून बंदिस्त गुहेत एन-९५ मास्क, आणि दमा असलेल्याला आत न्यायचं नाही म्हणजे नाही. लेण्यांच्या कपारीत आग्यामोहोळ असतात, सेंट, धूर, आरडाओरडा टाळा.

आणि काही सापडलं तर? उचलू नका. शेजारी पेन ठेवून फोटो, मोबाईलवर लोकेशन, आणि पुरातत्त्व खात्याला किंवा तहसीलदाराला कळवा. १८७८ चा एक कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काही मिळालं तर कलेक्टरला कळवायचं, दहा रुपये हा आकडा तेव्हाचाच आहे, हसायला येतं पण कायदा कायदा आहे. संरक्षित लेण्यावर नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. एकदा आमच्या साईटला भेट द्यायला आलेल्या एका ग्रुपने निघताना धुतलेल्या खापरांच्या ढिगातून "आठवण म्हणून" मूठ-मूठ उचलली. नंबर घालायचे राहिलेले होते. त्या संध्याकाळी आम्ही अंगण झाडून मोजत बसलो, अकरा पिशव्यांपैकी दोन पिशव्यांचा हिशोब कधीच लागला नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला खिसे दाखवून जायला लागतं, मोठ्यांना सुद्धा.

शेवटी सासूबाईंचं. तुम्ही लिहिलंय "त्यांना घरीच ठेवू". अजिबात ठेवू नका. वर ज्या आजी सांगितल्या ना, त्यांना काठाचा दोन इंचाचा तुकडा दाखवला की त्या हातात फिरवून सांगायच्या, हे पाण्याचं नाही, तोंड रुंद आहे, यात हात घालून ढवळत असणार. आम्ही वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून व्यास काढायचो तोवर त्यांचं सांगून झालेलं असायचं. मातीच्या भांड्यात रांधलेली शेवटची पिढी आहे ही, खापरांच्या ढिगाशेजारी त्यांच्यासाठी एक बरी खुर्ची न्या. आणि घरातले जुने टूथब्रश टाकू नका, खापरं घासायला पाच-सहा जमवून आणा. नवे नकोत, नव्याचे केस टोचरे असतात, रंग खरवडला जातो.